नाक्यापलीकडचे उच्चार

हिंगोलीहून वाशीमला जाणारी एसटी जिल्ह्याची हद्द ओलांडण्याआधी कनेरगावला थांबते. गावाच्या नावाला चिकटलेला ‘नाका’ आज पाटीवर आणि तिकिटावर तेवढा उरला आहे. इंग्रजांच्या काळात मात्र ही हद्द दोन राज्यांची होती. अलीकडे निजामाचा मराठवाडा, पलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. या हद्दीवरून जाणाऱ्या मालावर निजाम सरकारची करोडगिरी, म्हणजे जकात, बसत असे.

बोलण्यावर जकात नव्हती. ‘काय करायलास?’ म्हणणारा माणूस हद्द ओलांडून ‘काय करून राह्यला?’ म्हणणाऱ्याच्या घरी सोयरीक जुळवायला जाई आणि दोघांचे नीट जमत असे. मराठीला त्या हद्दीचा काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो डोंगरातल्या लहान भाषांना. कारण त्या ऐकायला कोण येणार, कधी येणार आणि कोणत्या संशयाने येणार, हे या हद्दीने आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांनी ठरवले.

संशयाची गोष्ट हिंगोलीपासूनच सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचे मोठे ठाणे होते. (याच फौजेच्या खर्चापोटी 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले, म्हणजे कनेरगावची हद्द दोन राज्यांची झाली ती हिंगोलीच्या छावणीच्या बिलामुळे.) छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला आणि तो मिळालाही. वाटेत त्या कापडाच्या खऱ्या मालकाचा गळा आवळून त्याने माल ताब्यात घेतला, परवाना दाखवून हिंगोलीत आणला आणि छावणीतच राजरोस विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. हा किस्सा फिलिप मेडोज टेलरने 1839 साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितला. आपल्या नाकाखाली हे चालले होते आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचा धक्का त्या काळच्या साऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात जाणवतो.

या धक्क्यातून एक शब्दकोश जन्माला आला. ठगांचा पाठलाग करणाऱ्या विल्यम स्लीमनने 1836 मध्ये कलकत्त्याहून ‘रामसीआना’ प्रसिद्ध केले. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडून गोळा केलेल्या त्यांच्या गुप्त बोलीचा, ‘रामसी’चा, हा संग्रह. सावज गोड बोलून जाळ्यात ओढणारा तो ‘सोथा’, फास आवळणारा तो ‘भुरतोट’. शब्द परके, पण वाक्यांची चौकट हिंदुस्तानीची. क्रियापदे हिंदुस्तानीसारखीच चालत आणि उच्चारही ओळखीचेच होते. आपल्या लहानपणच्या ‘च’च्या भाषेत ‘घरी’चे ‘चरीघ’ झाले तरी वाक्य मराठीच राहते, तसाच हा प्रकार. बैलबाजारात हेडे रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात. तीही खूण मराठी आकड्यांचीच असते.

स्लीमनचे काम त्याच्या हेतूपुरते चोख होते. मात्र त्यामुळे सरकारी डोक्यात एक समीकरण पक्के बसले: न कळणारी बोली म्हणजे लपवाछपवीची बोली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा याच वातावरणात आला आणि माणसे जन्माने चोर ठरू लागली. पुढची नव्वद वर्षे या समीकरणाची सावली ज्या भाषेवर पडली ती भाषा कनेरगावच्या वायव्येला, वऱ्हाडाच्या त्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी बोलली जात होती.

बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके उत्तरेला सातपुड्याला भिडतात. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबावरा, वसाली या गावांत निहाल लोक राहतात. स्वतःला ते ‘कल्टो’ म्हणतात. ‘निहाल’, ‘नाहल’ ही इतरांनी दिलेली नावे. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशातल्या निमाडमध्येही त्यांची वस्ती आहे. शतकानुशतके ते कोरकूंच्या शेजारी आणि बहुतेक ठिकाणी कोरकूंच्या हाताखाली राहिले. गुरे राखणे, राखणदारी, मजुरी ही त्यांच्या वाट्याची कामे.

इंग्रजी कागदपत्रांत निहाल येतात ते बहुधा लूटमार करणारे म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या उपद्रवाला कंटाळून एका स्थानिक सत्ताधाऱ्याने त्यांची मोठी कत्तल घडवल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात निहाल म्हणजे भिल्ल आणि कोरकू यांची सरमिसळ असावी, असा निष्कर्ष येतो. ना धड भिल्ल, ना धड कोरकू. जमातीबद्दल जे म्हटले गेले तेच भाषेबद्दल त्याआधीच म्हटले गेले होते.

भाषा ऐकायला पहिली मोठी सरकारी मोहीम निघाली ती जॉर्ज अब्राहम ग्रियर्सनची. 1894 मध्ये ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चे काम सुरू झाले आणि 1928 पर्यंत त्याचे खंड निघत राहिले. पद्धत अशी की, बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक भाषेत उतरवून घ्यायची, शिवाय नेमून दिलेल्या शब्दांची आणि वाक्यांची यादी भरून घ्यायची. हे काम जिल्ह्याच्या कचेऱ्यांमार्फत होई. उतरवणारा बहुधा कारकून किंवा शिक्षक. भाषा त्याची नसे आणि कानही त्या भाषेसाठी तयार झालेला नसे. तरीही जे जमले ते अफाट होते. वऱ्हाडी बोलीचे नमुने मराठीच्या सातव्या खंडात आले आणि वऱ्हाड-निमाडच्या डोंगरातल्या भाषा चौथ्या खंडात आल्या.

नाक्याच्या अलीकडे मात्र काही झाले नाही. हैदराबाद, म्हैसूर आणि मद्रास हे प्रदेश ग्रियर्सनच्या पाहणीबाहेर राहिले. वाशीमच्या बाजूचा शेतकरी कसा बोलतो हे कलकत्त्यात छापले गेले. हिंगोलीच्या बाजूच्या शेतकऱ्याच्या तोंडाशी कागद-पेन्सिल घेऊन कोणी आले नाही. मराठीचे यात फार बिघडले नाही, तिला छापखाने होते आणि संतांचा वारसा होता. किनवट-आदिलाबादच्या जंगलातल्या कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्यांना यातले काहीच नव्हते.

चौथा खंड 1906 मध्ये निघाला. तो नॉर्वेचे अभ्यासक स्टेन कोनो यांनी तयार केला. त्यात निमाडमधून आलेला निहालीचा नमुना आहे. कोनोंनी निदान केले ते असे: ही मुळात कोरकूच्या कुळातली, म्हणजे मुंडा भाषा; तिच्यावर आधी द्रविड भाषांचा थर चढला, मग आर्य भाषांचा. थोडक्यात, सरमिसळ. भाषेच्या नोंदीतला हा विचार दहा वर्षांनी जमातीच्या नोंदीतही येऊन बसला.

हे निदान अगदीच निराधार नव्हते. निहालीत मोजायला लागले तर दोन म्हणजे ‘इरार’, तीन म्हणजे ‘मोथो’, चार म्हणजे ‘नालो’. ‘एरडु, मूरु, नालकु’ म्हणणारा कानडी माणूस हे ऐकून लगेच मान डोलावेल. पुढचे आकडे बाजारातून, मराठी-हिंदीकडून आलेले. कुत्र्याला निहाल ‘नाय’ म्हणतात, तमिळ माणूसही तेच म्हणतो. कोरकूतून आलेल्या शब्दांची तर रेलचेल. उसने काढून टाकायला लागले की भाषा कांद्यासारखी सोलत जाते आणि शेवटी हाती काही लागणार नाही असे वाटते.

पण हाती लागते. पाण्याला कोरकूत ‘डा’ म्हणतात, कोलामीत ‘ईर’, मराठीत पाणी आणि निहालीत ‘जोप्पो’. विस्तवाला कोरकूत ‘सिंगल’, कोलामीत ‘किस’, निहालीत ‘आपो’. रक्त म्हणजे ‘चोर्टो’. अंडे म्हणजे ‘कलेन’. साप म्हणजे ‘कोगो’. या शब्दांना शेजारच्या एकाही कुळात भाऊबंद सापडत नाही. आणि हे शब्द कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहण्यासारखे आहे. गूळ, कागद, रुपया असे बाजारातून येणारे शब्द कोणतीही भाषा उसने घेते. पाणी, विस्तव, रक्त, साप हे शब्द मूल चुलीजवळ शिकते.

हे शब्द नीट कानावर येण्यास 1950 चे दशक उजाडावे लागले. त्याआधी नाक्याच्या अलीकडच्या बाजूला काय घडले ते सांगायला हवे.

1940 मध्ये आदिलाबादच्या जोडेघाटात गोंडांचा पुढारी कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जंगल आणि जमिनीच्या प्रश्नावर गोंड उठले होते. उठाव मोडल्यावर सरकारला प्रश्न पडला की हे लोक आहेत तरी कोण? ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून हैदराबाद संस्थानात अडकला होता. त्याला गोंडांच्या अभ्यासाचे काम मिळाले. मारलावाई इथे गोंड शिक्षक तयार करणारी शाळा निघाली आणि गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली.

याच काळात संस्थानच्या नोकरीतला एक मराठी अधिकारी आदिलाबादच्या जंगलात हिंडत होता. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी. शिवकाल आणि मोगल-मराठा इतिहासाचे व्यासंगी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो; फारसी अखबारांचे भाषांतरकार म्हणून मान देतो. पण त्यांनी 1950 मध्ये कोलामीचे आणि 1954 मध्ये गोंडीचे व्याकरण लिहिले, हे त्यांच्या चाहत्यांपैकीही अनेकांना माहीत नसते. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडकडे आले. ग्रियर्सनची पाहणी जिथे पोचली नाही तिथे निजामाचा एक मराठी अंमलदार पोचला होता.

हद्दीच्या पलीकडे, वर्ध्याच्या बाजूला, अमेरिकेतून आलेले मरे बार्नसन एमेनो यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलामी ऐकली होती. त्यांचे ‘कोलामी’ हे पुस्तक 1955 मध्ये आले. एकाच भाषेची दोन व्याकरणे, पाच वर्षांच्या अंतराने, हद्दीच्या दोन बाजूंना ऐकलेली.

कोलामीचे उच्चार मराठी कानाची चांगली परीक्षा घेतात. मराठीत इ-ई, उ-ऊ अशा जोड्या आहेत, पण ए आणि ओ एकेकटेच. कोलामीत ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा, ओचेही तसेच. घराला ‘एल्ला’ म्हणताना सुरुवातीचा ए तोकडा. तो लांबवला तर कोलामी माणूस आपल्याकडे बघत राहील. दुसरी मेख शब्दाच्या शेवटी. दोन म्हणजे ‘इंदिङ्’, चार म्हणजे ‘नालिङ्’. हा ङ आपण बाराखडीत घोकतो आणि पुढे जन्मभर एकटा वापरत नाही, क-ग च्या आधी तो आपोआप येतो एवढेच. कोलामीत तो शब्दाच्या शेवटी स्वतःच्या पायावर उभा असतो. मराठी माणूस तिथे हमखास ग ऐकतो आणि ग लिहितो. उलट, मराठीचा ळ आणि ण कोलामीत स्वतंत्र नाहीत. जुन्या द्रविड शब्दांतले ते वर्ण कोलामीत ल आणि न मध्ये विरघळून गेले. तमिळचा ‘कण्’ म्हणजे डोळा, कोलामीत तो ‘कन्’ झाला.

महाप्राण, म्हणजे ख, घ, थ, ध यांचे फुंकर मारलेले उच्चार, मूळच्या कोलामीचे नाहीत. ते मराठीबरोबर आले. कोलामाच्या तोंडी एखादा ‘भ’ ऐकू आला की तो शब्द बाजारातून आला, असे बिनदिक्कत समजावे.

आता निहालीकडे परत. स्वातंत्र्यानंतर मानवशास्त्र विभागातले सुधीभूषण भट्टाचार्य बऱ्हाणपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या टेंबी गावाच्या परिसरात गेले. त्यांनी निहाली बोलणाऱ्यांकडून शब्द आणि वाक्ये उतरवून घेतली आणि 1957 मध्ये ती ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’मध्ये छापली. ग्रियर्सनच्या नमुन्यानंतर अर्ध्या शतकाने ही भाषा पहिल्यांदा कान तयार झालेल्या माणसाने ऐकली. निहालीला मुंडा किंवा द्रविड कुळात बसवणे अवघड आहे, हे त्यांच्या टिपणांतून उघड झाले.

त्या टिपणांवर हॉलंडमध्ये एक विद्वान बसला. लायडनचे एफ. बी. जे. कॉयपर संस्कृत, मुंडा आणि द्रविड तिन्ही जाणणारे. 1962 मध्ये अॅमस्टरडॅमहून त्यांचा ‘नाहाली’ हा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. शब्दागणिक चाळणी लावून त्यांनी कोरकूचे वेगळे काढले, द्रविडचे वेगळे काढले, आर्य भाषांचे वेगळे काढले. तरी जवळपास चौथा हिस्सा उरला आणि त्याला जगात कुठेच सगेसोयरे सापडेनात. तोपर्यंत सगळे ठीक. पण उरलेल्या या हिश्श्याचा अर्थ लावताना कॉयपर यांनी एक शंका मांडली: ही चोरांच्या गुप्त बोलीसारखी मुद्दाम बनवलेली भाषा तर नसेल?

हिंगोलीच्या छावणीतला संशय सव्वाशे वर्षांनी अॅमस्टरडॅमच्या छापखान्यात पोचला होता. कॉयपर यांच्यावर दुष्टाव्याचा आरोप करता येणार नाही. त्यांच्यासमोर कागद होता, माणूस नव्हता; आणि कागदांच्या गठ्ठ्यात निहालांच्या लूटमारीच्या नोंदीही होत्या.

याच 1962 साली मराठीतही उच्चारांवर मोठा निर्णय झाला. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने मान्य केले आणि ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मराठी तोंडातून नासिक्य स्वर कधीच ओसरला होता, आता लिहिण्यातूनही त्याला रजा मिळाली. केवढे वादंग झाले! लेख आले, सभा झाल्या, जुन्या मास्तरांनी कपाळावर हात मारले. मोठ्या भाषेतले एक टिंब जाते तेव्हा समिती बसते. सातपुड्यातली एक अख्खी भाषा खरी की बनावट, याचा विचार त्याच वर्षी एकटा माणूस हजारो मैलांवर करत होता.

चोरबोलीच्या शंकेला उत्तर मिळाले ते प्रत्यक्ष गावात बसून ऐकणाऱ्यांकडून. आशा मुंडले यांनी 1960 च्या दशकात निहालांमध्ये क्षेत्रकाम केले. त्यांचा निहाली शब्दसंग्रह बऱ्याच काळाने, 1996 मध्ये, ‘मदर टंग’ या नियतकालिकाच्या निहालीविषयीच्या अंकात छापून आला. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने के. एस. नागराज यांचे ‘द निहाली लँग्वेज’ हे व्याकरण, नमुने आणि शब्दसंग्रहासह, 2014 मध्ये प्रसिद्ध केले. ग्रियर्सनने काम सुरू केल्यापासून हे व्याकरण हाती यायला एकशेवीस वर्षे लागली.

त्यातून जे चित्र उभे राहते ते रामसीपेक्षा अगदी निराळे आहे. गुप्त बोलीला स्वतःची ध्वनिव्यवस्था नसते, ती यजमान भाषेच्या उच्चारांवर आणि व्याकरणावर पोट भरते. निहालीची स्वतःची व्यवस्था आहे. अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ रूप अर्थ बदलते. तेहतीस व्यंजने. क, ट, प असे साधे स्पर्शवर्ण भरपूर, त्या मानाने ख, ठ, फ हे महाप्राण विरळ. ‘मी’ला ‘जो’, ‘तू’ला ‘ने’. व्याकरणात कोरकूचा हात ठिकठिकाणी दिसतो, शब्दांत तर दिसतोच. पण ठगाचे पोर रामसी पाळण्यात शिकत नव्हते. निहाल मूल निहाली आईकडून शिकते. आता अभ्यासक तिला भारतातली एकाकी भाषा मानतात, कोणत्याच कुळात न बसणारी. काश्मीरपलीकडच्या हुंझातली बुरुशस्की अशीच दुसरी.

इथे मराठी वाचकाने थोडे स्वतःकडेही बघावे. वर ‘जोप्पो’ असे छापले आहे. वाचताना ‘जग’मधला ज उच्चारला की ‘जोर’मधला? देवनागरीत दोन्ही एकाच अक्षरात राहतात. मराठी माणूस सवयीने ओळखतो, निहाल मूल कुठून ओळखणार? (निहालीतला ज ‘जग’मधला, टाळूचा.) ‘चोर्टो’मधला च ‘चहा’चा, ‘चमचा’चा नव्हे. ए आणि ओ तोकडे की लांब, हे दाखवायला आपल्या लिपीत खूणच नाही. निहाली किंवा कोलामी ‘मराठी अक्षरांत लिहून टाकली’ म्हणजे काम झाले असे नाही. कारकुनाचा कान कचेरीचा होता, आपला कान बालभारतीचा आहे.

जगात लहान भाषांची नशिबे अशीच लिहिणाऱ्याच्या हाती राहिली आहेत. दक्षिण अमेरिकेत आन्तोनियो रुईस द मोन्तोया या जेझुइटाने गुआरानीचा कोश आणि व्याकरण 1639-40 मध्ये माद्रिदला छापले. त्याच 1640 साली गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचे कोंकणीचे व्याकरण छापून निघाले. स्टीफन्स तेव्हा हयात नव्हता. ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून तो मराठीला परिचित आहे. गुआरानीत नाकातून निघणारा एक स्वर सबंध शब्दाला नाकात ओढतो, आजूबाजूची व्यंजनेही बदलतात. मोन्तोयापासून अनेकांनी हे टिपले. 1992 मध्ये पॅराग्वेच्या राज्यघटनेने गुआरानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. पण तिच्याच कुळातली शेता भाषा ब्राझीलच्या पराना राज्यात होती. तिचे बोलणारे 1950 च्या दशकात, कॉफीच्या मळ्यांसाठी जंगल तुटत असताना बाहेरच्या जगाच्या समोर आले. आज ती जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही राहिलेले नाहीत. एकाच घरातल्या दोन बहिणी: एक राजसभेत, एक काही ध्वनिफितींवर.

निहालीची स्थिती शेताइतकी बिकट नाही. दोन ते अडीच हजार लोक ती बोलतात असा अंदाज आहे. युनेस्कोने तिला अतिशय धोक्यात असलेल्या भाषांत घातले आहे. टेंबीकडचे निहाल बहुतांशी कोरकूकडे वळले. भट्टाचार्यांनी जिथे ऐकली तिथे ती आता ऐकू येणे कठीण. जामोदच्या बाजूला ती घरात आहे, पण शाळा मराठी, बाजार मराठी, शेजारी कोरकू. निहाल माणूस दिवसभरात तीन भाषा बोलतो आणि त्यातली एकच त्याच्या पोरांपर्यंत पोचण्याची खात्री नसते.

सरकारी मोजणीत तिचा पत्ता लागत नाही, त्याला दोन कारणे आहेत. 1971 पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांची भाषा स्वतंत्र दाखवत नाहीत, ती ‘इतर’मध्ये जाते. 2011 च्या तक्त्यात कोलामी आहे, 1,28,451 भाषक; कोरकू आहे, 7,27,133. निहाली नाही. आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘निहाल’ हा शब्द कोरकूच्या नोंदीत, बोपची, मौआसी यांच्या रांगेत येतो. म्हणजे बोलीने मोजले तर ‘इतर’, जातीने मोजले तर ‘कोरकू’. 1906 च्या खंडातली सरमिसळ शंभर वर्षांनी वेगळ्या रकान्यात तशीच बसली आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने 2010 मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने दहा हजारांची ही अट मानली नाही आणि देशभरात 780 भाषांची नोंद केली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. लोकांनी केलेले ते काम सरकारी तक्त्याची जागा घेत नाही, पण तक्त्यात काय नाही ते दाखवते.

कनेरगाव नाक्याला रेल्वे स्टेशन आहे. पूर्णा-अकोला-खंडवा या मीटरगेज मार्गावर मीनाक्षी एक्स्प्रेस धावत असे तेव्हा इथून बसलेला माणूस अकोट ओलांडून मेळघाटातून, कोरकूंच्या गावांमधून निमाडात पोचायचा. पूर्णा ते अकोला रुंद झाले, अकोटच्या पुढचा जंगलातला रूळ व्याघ्र प्रकल्पामुळे अडला. त्याला वळसा घालणारा नवा मार्ग आखला गेला आहे: हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुवरदेव, मग खकनार, तुकईथड. यातली जामोद आणि कुवरदेव ही दोन गावे वर निहाली बोलणाऱ्या गावांच्या यादीत येऊन गेली आहेत. स्टेशन झाले तर नियमाप्रमाणे फलकावर नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत लिहिले जाईल.